विश्लेषण : ११ विजेतेपदांच्या बॉस्टन सेल्टिक्सचा पाया घालणारे रेड आवरबॅक कोण होते?

एनबीएमध्ये एखादा संघ सातत्याने जिंकू लागला की ‘टीम कल्चर’ हा शब्द हमखास कानावर पडतो. तो रुळण्याच्या कितीतरी आधी बॉस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक अर्नोल्ड ऊर्फ रेड आवरबॅक यांनी असे ‘कल्चर’ प्रत्यक्षात घडवले होते. त्यांच्या कारकीर्दीत सेल्टिक्सने ९ विजेतेपदे पटकावली. त्यातील ८ सलग, म्हणजे १९५९ ते १९६६ या काळातली. हा विक्रम आजही अबाधित आहे.

सुरुवात कशी झाली?

आवरबॅक यांचा जन्म २० सप्टेंबर १९१७ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा. वडील मिन्स्कहून आलेले ज्यू स्थलांतरित, व्यवसाय ड्रायक्लीनिंगचा. लाल केसांमुळे मुलाला ‘रेड’ हे नाव चिकटले. १९५० मध्ये मालक वॉल्टर ब्राऊन यांनी आर्थिक ओढाताणीतला सेल्टिक्स त्यांच्याकडे सोपवला. त्याच वर्षी संघाने चक कूपर यांना घेतले. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. बॉब कूझी मात्र आवरबॅक यांना नकोच होते. बंद पडलेल्या एका संघातील खेळाडूंच्या वाटणीत चिठ्ठी काढली गेली आणि कूझी सेल्टिक्सच्या गळ्यात पडले. पुढे संपूर्ण आक्रमण त्यांच्याभोवतीच उभे राहिले, हा नशिबाचा भाग.

१९५६ चा निर्णय मात्र नशिबाचा नव्हता. एड मकॉली आणि क्लिफ हेगन हे दोन मोहरे सेंट लुईसला देऊन आवरबॅक यांनी बिल रसेल यांना मिळवले. रसेल यांची ओळख गुण मिळवण्यासाठी नव्हे, तर बचाव आणि रिबाउंडसाठी होती.

‘कल्चर’ म्हणजे नेमके काय?

सर्वांत महत्त्वाचा नियम पैशांचा होता. मानधन ठरवताना आवरबॅक वैयक्तिक गुणांचा तक्ता बघत नसत, विजयातील वाटा बघत. त्यामुळे पास देणाऱ्याचे किंवा बचाव करणाऱ्याचे नुकसान होत नसे. फ्रँक रॅम्सी आणि नंतर जॉन हॅवलिचेक यांच्यासारखे अव्वल खेळाडू सुरुवातीच्या पाच जणांत नसत. दमलेल्या प्रतिस्पर्ध्यांवर ताज्या दमाने सोडण्यासाठी त्यांना राखून ठेवले जाई. ‘सिक्स्थ मॅन’ ही भूमिका रुजली ती इथेच.

१९६१-६२ चा हंगाम बघा. विल्ट चेंबरलेन यांनी सामन्यामागे ५०.४ गुण मिळवले. सेल्टिक्सचा अव्वल खेळाडू २२ च्या आसपास होता. तरीही चेंबरलेन यांच्या संघाला सात सामन्यांच्या मालिकेत हरवून विजेता ठरला तो सेल्टिक्सच.

सर्वांना एकच नियम, असेही नव्हते. टॉम हाइन्सन यांच्यावर आवरबॅक सर्वांदेखत ओरडत, रसेल आणि कूझी यांच्यावर नाही. कोणाला काय सोसते याचा त्यांना अंदाज होता. स्वतः ते संत नव्हते. १९५७ च्या अंतिम मालिकेत बास्केटच्या उंचीवरून वाद झाला, तेव्हा त्यांनी प्रतिस्पर्धी संघाच्या मालकाला ठोसा लगावला. दंड झाला ३०० डॉलर.

कसोटीचा क्षण कोणता?

१९६१ मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टन येथे प्रदर्शनीय सामना होता. हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना खाद्यपदार्थ नाकारले गेले. रसेल आणि सहकाऱ्यांनी सामना न खेळता परतायचे ठरवले. आवरबॅक यांनी आधी त्यांची समजूत घालण्याचा प्रयत्न केला. ते बधले नाहीत, तेव्हा त्यांना विमानतळावर सोडायला स्वतः गेले. सेल्टिक्सचे गोरे खेळाडू मात्र त्या रात्री खेळले. संघभावनेची मर्यादा इथे दिसते. कारवाई न करता खेळाडूंचा निर्णय मान्य करणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती, पण ती पुरेशीही नव्हती.

२६ डिसेंबर १९६४ रोजी हाइन्सन जखमी असताना आवरबॅक यांनी विली नॉल्स यांना उतरवले आणि एनबीएच्या इतिहासात प्रथमच सुरुवातीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते. सुधारणेचा गाजावाजा त्यांनी केला नाही. जिंकण्यासाठी तेच पाच योग्य होते, इतकाच हिशेब.

१९६६ मध्ये प्रशिक्षकपद सोडताना त्यांनी ते रसेल यांच्याकडे दिले. एनबीएतील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरलेल्या रसेल यांनी खेळता खेळता १९६८ आणि १९६९ चीही विजेतेपदे जिंकून दिली. आवरबॅक व्यवस्थापनात राहिले, १९७८ मध्ये त्यांनी लॅरी बर्ड यांची निवड केली. २८ ऑक्टोबर २००६ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.