खंजिरीवाला माणिक

गेल्या स्नेहसंमेलनात नागपूरहून मुलांचा एक बँड आला होता. आम्ही सिनेमाची गाणी म्हणत नाही, स्वतः रचलेलीच गातो, असे त्यांनी आरंभीच सांगितले. ड्रमचा पहिला ठोका छातीत बसला आणि मी भारावून गेले. शेजारच्या मैत्रिणीने विचारले, तुझ्या घरी कुणी काही वाजवते का? माझे बाबा भजनी मंडळात खंजिरी वाजवतात. पण मी नाही म्हणाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. बरेच काही लपवायची सवय लागली आहे.

ते मनाला फार लागले. म्हणून ज्यांच्यामुळे खंजिरी आमच्या घरी आली, त्या तुकडोजी महाराजांचे चरित्र मी सुटीत वाचले.

१९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे एका गरीब शिंप्याच्या घरी माणिकचा जन्म झाला. शाळा तिसरीपुढे गेली नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी माणिकचा तुकड्या केला. कोवळ्या वयात घर सोडून तो रामटेक, सालबर्डी आणि आपल्या चिमूरकडच्या रामदिघी-गोंदोड्याच्या रानात राहिला. स्वतः गाणे रचायचे, स्वतः चाल बांधायची, स्वतः गायचे. साथीला खंजिरी. मराठीतही आणि हिंदीतही. त्या बँडच्या मुलांचे वेगळेपण म्हणून आम्ही ज्याला टाळ्या दिल्या, ते आपल्या रानात कधीच होऊन गेले होते!

१९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि १९३६ मध्ये गांधीजींजवळ सेवाग्रामला काही दिवस राहिले. पुढे आले १९४२. त्यांच्या भजनांनी चिमूर भागातील माणसे पेटली होती. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरला उठाव झाला. गोळीबारात बालाजी रायपूरकर हुतात्मा झाले, सरकारी अधिकारीही मारले गेले, आणि मग लष्कराने गावावर जे अत्याचार केले ते वाचताना पुस्तक मिटावे लागते. त्याच महिन्यात महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर व रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवले. ज्याच्याजवळ शस्त्र म्हणून एक खंजिरी, त्याची सरकारला एवढी भीती वाटावी!

१९५५ साली ते जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले. 'ग्रामगीता' आपण जाणतोच. परीक्षेत तिच्यावर प्रश्न येतो, त्यामुळे आपण त्यांना उपदेशक ठरवून मोकळे होतो आणि त्यांच्यातला गायक विसरतो, असे मला वाटते. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. गोंडवाना विद्यापीठ होईपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, इथल्या मुलांच्या पदवीवरही तेच नाव असे.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे देहावसान झाले. बाबांनी त्यांना पाहिलेले नाही. ठेका मात्र आजोबांकडून आला.

यंदाच्या संमेलनासाठी मी खंजिरीवादनाला नाव दिले आहे. बाबा दर रविवारी शिकवतात. अजून ताल सुटतो, आणि बोटे सुजली आहेत.