दगडातला माग

मित्रांनो, आमच्या धाकटी डहाणूला ओहोटी लागली की चिखलात पावलं उमटतात आणि भरती आली की पुसली जातात. क्वचित एखादा ठसा मात्र गाळाखाली दबतो, त्याचा दगड होतो आणि कोट्यवधी वर्षं टिकतो. डायनोसॉरच्या पाऊलखुणा अशाच टिकल्या, आणि त्यांचं शेणसुद्धा! जनावर कुठे चाललं, काय खाल्लं, हे हाडांपेक्षा अशा खुणाच सांगतात.

आपल्याकडे हा माग काढायला सुरुवात करणाऱ्यांपैकी एक होते स्टीफन हिस्लॉप. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, माणूस मात्र फारसा कुणाला माहीत नाही.

८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स गावी त्यांचा जन्म झाला. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपूरला आले, मराठी शिकले आणि १८४६ मध्ये त्यांनी शाळा काढली. ते खेडोपाडी फिरायचे ते धर्मप्रचारासाठी, पण नजर असायची दगडांवर! ना जीप, ना जीपीएस. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी जीवाश्म गोळा केले आणि टिपणांसह लंडनला धाडले. मांगलीला सापडलेल्या प्राचीन उभयचराच्या कवटीला रिचर्ड ओवेन यांनी ब्रॅकिऑप्स हे नाव दिलं. चंद्रपूरकडच्या पिसदुरा गावची मोठाली हाडंही हिस्लॉप यांनीच जगापुढे आणली. सगळंच बरोबर निघालं असं नाही. लाव्हाच्या थरांमधले गाळाचे खडक त्यांनी डायनोसॉरनंतरच्या काळातले मानले होते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं पाहायला गेले. परतताना अंधारात, घोड्यावरून पूर आलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. वयाची ४६ वर्षं पूर्ण व्हायला चारच दिवस उरले होते. १८८३ मध्ये सुरू झालेल्या कॉलेजला त्यांचं नाव दिलं गेलं.

गोष्ट इथे संपत नाही. पिसदुऱ्याच्या शिवारातलं डायनोसॉरचं दगड झालेलं शेण लखनौच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी तपासलं. २००५ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की त्यात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण आहेत, भाताच्या नातलगांचेसुद्धा! डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं, हा समज मोडला.

तेव्हा दोस्तांनो, प्रॅक्टिकलचं रीडिंग शेजाऱ्याच्या जर्नलमधून उतरवताना हिस्लॉपना आठवा. त्यांचा निष्कर्ष चुकला, पण नमुना आणि जागेची नोंद खरी होती. म्हणूनच पुढच्यांना माग सापडला.