कान्होजी आंग्रे : दर्यावरच्या दस्तकाचा धनी

सतराव्या शतकात बऱ्हाणपूरहून निघालेला मालाचा तांडा थाळनेर, नंदुरबार, नवापूर असे मुक्काम करीत सुरतेला पोहोचत असे. खानदेशातील कापड आणि नीळ सुरतेच्या बंदरात जहाजावर चढली, की जकातनाक्यांची कटकट संपली, असे मात्र नव्हते. तेथून कोकण किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यापुढे नवाच प्रश्न उभा राही. जहाजावर दस्तक कुणाचे ठेवायचे?

दस्तक म्हणजे समुद्रातून सुखरूप जाण्याचा परवाना. पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ सोळाव्या शतकापासून चालत आला होता. मुंबई-सुरतेचे इंग्रज आपले पास देत. जंजिऱ्याच्या सिद्दीमागे मोगल बादशहाचे बळ होते. या सर्वांच्या बरोबरीने मराठ्यांच्या आरमाराचे दस्तक चालू करणारा, आणि ते नाकारणाऱ्यांना किंमत मोजायला लावणारा पुरुष म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे.

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुण्याच्या बाजूच्या अंगरवाडी गावावरून ते आंग्रे झाले, असे सांगतात. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत होते. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारास झाला आणि बालपण हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. सिद्दीने या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा किल्लेदारच फितूर होण्याच्या बेतात होता. तरुण कान्होजींनी त्याला बाजूला सारून किल्ला लढवला, अशी हकीकत परंपरेने चालत आली आहे. छत्रपती राजारामांच्या काळात, १६९८ मध्ये सिधोजी गुजर यांच्यामागे आरमाराची सूत्रे त्यांच्या हाती आली.

सूत्रे आली, पण कारभार सोपा नव्हता. मुंबईच्या बंदराचा नकाशा डोळ्यांसमोर आणला तर अडचण ध्यानात येते. बेटावर इंग्रज. वसई, साष्टी आणि करंजा पोर्तुगीजांकडे. बंदराच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे एकमेकांच्या दृष्टिपथात. खांदेरीवर शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये इंग्रजांचा विरोध मोडून तट उभारला, तर लगोलग सिद्दीने उंदेरी बळकावली. थोडे दक्षिणेला कान्होजींचा कुलाबा. एकाच पाण्यात चार सत्ता, आणि प्रत्येकीचे म्हणणे असे, की परवाना द्यावा तो आपणच.

कान्होजींची भूमिका आजच्या वाचकाला समजण्यास कठीण नाही. हा किनारा छत्रपतींचा, तेव्हा त्यालगतच्या पाण्याची राखण छत्रपतींचे आरमार करणार आणि तेथून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने कर भरून दस्तक घ्यावे. ते नसेल तर जहाज धरले जाईल. पोर्तुगीज दोन शतके हेच करीत होते आणि इंग्रजही आपल्या पासाविना जाणाऱ्यांना सोडत नव्हते. तरीही कान्होजींनी तेच केले, की मुंबईच्या कागदपत्रांत त्यांना चाचा म्हटले जाई. हा शब्द पुढे इंग्रजी इतिहासग्रंथांतून दोनशे वर्षे फिरत राहिला.

इंग्रजांशी पहिली ठिणगी १७०२ मध्ये पडली. सहा इंग्रज असलेले एक छोटे व्यापारी जहाज आंग्र्यांच्या आरमाराने धरून नेले. खरा स्फोट झाला १७१२ च्या नोव्हेंबरात. मुंबईचा गव्हर्नर एस्लाबी याचे सशस्त्र जहाज कारवारच्या वखारीचा नवा प्रमुख थॉमस चाऊन याला घेऊन निघाले होते. आंग्र्यांच्या गुराबांनी ते गाठले. लढाईत चाऊन मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैदेत पडली. ३० हजार रुपये दंड घेऊन तिची सुटका झाली. या प्रसंगाचे समर्थन करण्याचे कारण नाही, मात्र त्या काळी समुद्रावर कोणताच पक्ष याहून वेगळे वागत नव्हता.

त्यातून १७१३ च्या फेब्रुवारीत तह झाला. माहीम ते खांदेरी या टापूत इंग्रजी जहाजांना उपद्रव द्यायचा नाही, हे कान्होजींनी मान्य केले. इंग्रजी निशाण फक्त इंग्रजांच्याच मालकीच्या जहाजांवर लावायचे, हे कंपनीने मान्य केले. कागदावर सारे स्वच्छ होते. गोम होती ती दुसऱ्या कलमात. जहाज इंग्रजाचे पण माल सुरतेच्या सावकाराचा असेल, तर? किंवा जहाजही हिंदी व्यापाऱ्याचे आणि निशाण तेवढे कंपनीचे असेल, तर? कंपनीच्या दलालांना आणि आश्रितांना निशाणाची ही सावली मोलाची होती, कारण तिच्याखाली दस्तकाचा कर वाचत असे. कान्होजींच्या दृष्टीने हीच चोरी होती. अशी जहाजे ते धरू लागले, आणि तह चार-पाच वर्षांतच मोडला.

दरम्यान देशावरचे राजकारणही त्यांना सांभाळावे लागले. आरंभी ते ताराबाईंच्या पक्षात होते. शाहू महाराजांनी पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी चक्क कैद केले. अखेर बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहूंकडे वळवले. सरखेलपद कायम राहिले, शिवाय दहा मोठे किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे आली. बाळाजींच्या पेशवाईचा हा पहिला मोठा विजय, आणि तो तलवार न उपसता मिळालेला!

१७१५ च्या अखेरीस गव्हर्नर होऊन आलेल्या चार्ल्स बून याने आंग्र्यांचा निकाल लावण्याचा चंग बांधला. विजयदुर्गावर मोहीम गेली, ती फसली. १७१८ मध्ये खांदेरीवरचा हल्लाही फसला. अपयशाचे खापर फोडायला कोणी तरी हवेच होते. मुंबईतील धनिक शेणवी पुढारी रामा कामती याच्यावर आंग्र्यांशी गुप्त संधान बांधल्याचा आरोप ठेवला गेला. १७२० मध्ये त्याला जन्मकैद झाली, मालमत्ता जप्त झाली आणि पुढे तुरुंगातच त्याचा अंत झाला. त्याच्याविरुद्धचा पुरावा बनावट असल्याचे नंतर मानले गेले. परवान्याच्या भांडणात जहाजांवर नसलेली माणसेही अशी भरडली गेली.

१७२१ च्या डिसेंबरात तर ब्रिटिश राजाच्या नौदलाचा कमोडोर मॅथ्यूज आपली जहाजे घेऊन आला. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून सुमारे सहा हजारांची फौज कुलाब्यावर चालून गेली. शाहू महाराजांनी मदत पाठवली, तरुण बाजीराव घोडदळ घेऊन आले. हल्ला फसला, दोन्ही मित्रांत बेबनाव झाला आणि पोर्तुगीजांनी परस्पर मराठ्यांशी तह करून टाकला. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्ग आजमावून पाहिला, तेही हात हलवत परतले.

मोठमोठ्या तोफांच्या जहाजांपुढे कान्होजींचे बळ कशात होते? उथळ खाड्यांत शिरणाऱ्या गुराबा आणि वल्ह्यांवर चालणारी गलबते ही त्यांची साधने. वारा पडला, की इंग्रजी जहाज जागीच खिळून राही. मग गलबते गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीस आणीत, जेथे त्याच्या तोफा सर्वांत कमी असत. भर समुद्रात मात्र ते इंग्रजांशी सामना टाळीत. आपले पाणी कोठे संपते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. समाधी अलिबागेत आहे. मागे सहा पुत्र राहिले. थोरले सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि संभाजी व मानाजी यांच्या कलहात आरमार दुभंगले. १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांच्या साहाय्याने तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला. त्या वेळी विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. मराठ्यांच्याच पेशव्याने हे घडवून आणावे, याची हळहळ कोकणात आजही ऐकू येते.

मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ मध्ये ‘आंग्रे’ हे नाव देण्यात आले. खांदेरीलाही आता कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदविलेल्या मराठा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. कुलाबा त्या यादीत नाही.