मान आधी, मग पेटी : गिटारकार अंतोनियो दे तोरेस

गिटार म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांना हिंदी चित्रपटातील नायक आठवतो, नाहीतर स्नेहसंमेलनातील ऑर्केस्ट्रा. वाजवणाऱ्यांची नावे आपण सहज सांगू, पण घडवणाऱ्याचे? आज जगभर नायलॉनच्या तारांची जी गिटार वाजवली जाते, तिचे माप आणि रूप एका स्पॅनिश सुताराच्या हातून पक्के झाले. त्याचे नाव अंतोनियो दे तोरेस हुरादो. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सुतारकी चालत आली आहे. त्यामुळे या माणसाचे चरित्र वाचताना मला सुरांइतकाच सांध्यांत रस वाटला, हे आधीच सांगते.

तोरेसचा जन्म १८१७ साली दक्षिण स्पेनमधील आल्मेरिया शहराजवळच्या एका खेड्यात झाला. वडील करवसुलीचे काम करीत. बाराव्या वर्षी तो सुताराकडे उमेदवारीला लागला. १८३५ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी त्याचे लग्न झाले. पदरी तीन मुली आल्या, त्यांपैकी दोघी दगावल्या. डोक्यावर कर्ज होते. १८४५ मध्ये पत्नीही क्षयाने गेली, तेव्हा तिचे वय होते २३. दुःखाचे एवढे ओझे घेऊन तो सेव्हिल शहरात स्थिरावला आणि तेथे दुकान थाटून लाकूडकाम करू लागला.

गिटारी तो अधूनमधून करीत असे. हाच धंदा कर, असा सल्ला त्याला हुलियान आर्कास या नामवंत वादकाने दिला. त्या काळची गिटार लहान अंगाची आणि मृदू आवाजाची होती; मोठ्या दिवाणखान्यात ती ऐकू जाईना. तोरेसने तिची पेटी मोठी केली, वरची फळी पातळ केली, तिला किंचित फुगवटा दिला आणि आतून पंख्याच्या काड्यांसारख्या सात पट्ट्या लावून ती सावरली. तारेची लांबी सुमारे ६५० मिलिमीटर ठेवली. पंख्यासारख्या पट्ट्या त्याच्या आधीही स्पेनमध्ये होत्या; त्याने त्यांना नेमके प्रमाण दिले. १८५८ मध्ये सेव्हिलच्या प्रदर्शनात त्याच्या गिटारीला पदक मिळाले.

आवाजाचा उगम वरच्या फळीत आहे, असे त्याचे ठाम मत होते. ते सिद्ध करण्यासाठी १८६२ साली त्याने एक गिटार केली. तिची पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या, वरची फळी मात्र लाकडाची! हे वाद्य बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

मित्रहो, इतके सारे बदलणाऱ्या या माणसाने एक गोष्ट मात्र बदलली नाही. ती म्हणजे मानेचा सांधा.

गिटारीची मान पेटीला जोडण्याच्या मुख्य रीती दोन. उत्तर युरोपात पेटी वेगळी करीत आणि मान वेगळी. मग मानेच्या टोकाला पारव्याच्या शेपटीसारखा पसरट कुसू काढून तो पेटीतल्या खाचेत बसवीत. ही रीत सोयीची आहे. दोन कारागीर दोन कामे करू शकतात, आणि पुढे मान वाकली तर वाफेने सरस मऊ करून ती काढता येते. जर्मनीतून १८३३ मध्ये अमेरिकेस गेलेल्या मार्टिन या कारागिराच्या कारखान्यात हाच सांधा रूढ झाला.

स्पेनच्या सुतारांची रीत अगदी वेगळी. तेथे मान आणि पेटीच्या आत शिरणारी तिची टाच हे सारे एकजीव असते. टाचेच्या दोन्ही बाजूंना करवतीने एकेक बारीक चीर पाडतात. सपाट पाटावर गिटारीची वरची फळी पालथी ठेवून तिला आधी मान चिकटवतात. मग वाकवलेल्या कडा त्या चिरांत सरकवतात आणि सर्वांत शेवटी पाठ लावतात. म्हणजे मान आधी, मग पेटी. त्यात वेगळा ठोकळा नाही, पुढे सुटेल असा कुसू नाही. वजन कमी, हत्यारे थोडी. मानेचा कोन त्या पाटावरच ठरतो. पण तो चुकला तर मान सहजासहजी काढता येत नाही. अर्धे वाद्य उकलावे लागते.

तोरेसने हीच रीत ठेवली. त्याला हलके वाद्य हवे होते, आणि आतड्याच्या तारांचा ताण या सांध्याला सहज पेलत असे. १९४० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टीन याने नायलॉनच्या तारा आणल्या. त्यांचा एकूण ताण सुमारे ४० किलो, पोलादी तारांपेक्षा बराच कमी. त्यामुळे तोरेसचा आराखडा जसाच्या तसा उपयोगी पडला. आजही नायलॉन तारांची गिटार घडवणाऱ्यापुढे पहिला प्रश्न हाच असतो: पुढे दुरुस्त करता येईल असा सांधा घ्यावा, की आधीच अचूक असावा लागेल असा?

एवढे कौशल्य असूनही पोट भरेना. १८६९ मध्ये तरुण फ्रान्सिस्को तारेगाने त्याची एक गिटार विकत घेतली आणि पुढे तिच्यावर कीर्ती मिळवली. पण त्याच सुमारास तोरेस धंदा बंद करून आल्मेरियाला परतला आणि चिनी मातीची भांडी विकू लागला. पाच-सहा वर्षे गेली. १८७५ मध्ये त्याने पुन्हा पटाशी हाती घेतली. नव्या गिटारींतील चिठ्ठ्यांवर तो ‘दुसरा कालखंड’ अशी नोंद करू लागला. १८८३ मध्ये दुसरी पत्नीही वारली. त्यानंतर तो वर्षाला सुमारे १२ गिटारी करीत राहिला. १८९२ च्या नोव्हेंबरात, वयाच्या ७५ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

संगीताच्या इतिहासात तारेगाला मानाचे पान मिळते, तोरेसला बहुधा एखादी ओळ. मी घरातली पहिली कॉलेजात आले, तेव्हा शिक्षण पुस्तकात आणि सुतारकी ओसरीवर, असे मला वाटत असे. तोरेसने पुठ्ठ्याच्या गिटारीने जे सिद्ध केले, ते शास्त्र नव्हे तर काय? कोणता सांधा कुठे सोसेल, हे लाकूड हातात घेताच ओळखणे हीही विद्वत्ताच आहे. तिला पदवी नसते, इतकेच.