अठरा रविवारांचा नेम : कै. साने गुरुजी

नव्या वर्षाची उपासना आटोपली म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतील पुष्कळ बंधुभगिनी मनाशी काही नेम करितात. कोणी रोज शास्त्रवाचन करीन म्हणतो, कोणी सावकाराचे देणे फेडीन म्हणतो. होळीपर्यंत त्यातले किती नेम टिकतात हे ज्याचे त्यास ठाऊक. ह्या विषयाचा विचार करिताना आम्हांस आमच्याच खानदेशात राबलेल्या एका शिक्षकाचे वारंवार स्मरण होते. ते ख्रिस्ती नव्हते. तथापि त्यांचे चरित्र आमच्या वाचकांनी अवश्य जाणावे असे आम्हांस वाटते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळील पालगड गावी झाला. घरी दारिद्र्य, आणि शिक्षणासाठी परगावी काढलेले कष्टाचे दिवस. एम.ए.पर्यंत शिक्षण करून ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले व १९२४ साली तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांजवर आली. मुलांच्या खोल्या स्वतः झाडाव्या, त्यांचे पसरलेले कपडे घड्या करून ठेवावे, आणि तोंडाने मात्र एक शब्द बोलू नये, अशी त्यांची रीत होती. मुले लाजून आपोआप नीटनेटकी होत. ह्याच मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. साप्ताहिक नव्हे, दैनिक! दिवसभर शिकवावयाचे, रात्री एकट्याने बसून लिहावयाचे, व सकाळी मुलांच्या हाती ताजा अंक द्यावयाचा. आमचे हे पत्र आठवड्यातून एकदा निघते, तरी आमची किती तारांबळ उडते हे आम्हीच जाणतो!

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात पडले व कारावास भोगू लागले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात नाना प्रांतांचे कैदी एकत्र होते, पण एकाची भाषा दुसऱ्यास कळत नव्हती. गुरुजींनी तेथे तमिळ शिकण्यास आरंभ केला. पुढे ‘कुरल’ हा प्राचीन तमिळ ग्रंथ त्यांनी मराठीत आणिला.

आता धुळ्याच्या तुरुंगातील हकीकत. १९३२ साली गुरुजी व विनोबा भावे तेथे एकत्र होते. विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलावे असे ठरले. अध्याय अठरा, म्हणून रविवारही अठरा. २१ फेब्रुवारीस आरंभ झाला आणि १९ जून रोजी समाप्ती झाली. वाचकांनी पंचांग घेऊन मोजून पाहावे; मध्ये एकही रविवार चुकलेला नाही. बोलणारे बोलत होते, व गुरुजी मांडी घालून भरभर लिहून घेत होते. लघुलेखनाची विद्या त्यांस अवगत नव्हती. साधीच लेखणी, साधीच अक्षरे. माघापासून मृगापर्यंत हे काम चालले, आणि त्यातून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला. तो पुढे अनेक भाषांत गेला. त्यातील धर्मविचार आमचा नव्हे. परंतु दुसऱ्याच्या शब्दांसाठी आपली लेखणी अठरा आठवडे अशी बांधून घेणे सोपे नाही. ज्यांनी उपदेश ऐकताना टिपणे घेण्याचा यत्न केला आहे त्यांस हे विचारावे.

पुढल्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी आपल्या आईच्या आठवणी लिहावयास घेतल्या, व १३ तारखेच्या पहाटे ‘श्यामची आई’ लिहून झाली. दिवसा तुरुंगाचे काम, रात्री लेखन. अवघे पाच दिवस! १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिलेच. त्यासाठीही गुरुजी खानदेशात गावोगाव हिंडले.

पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बंधूंस बंद होते. ते उघडावे म्हणून प्राणांतिक उपोषण करण्याचा संकल्प त्यांनी १९४६ साली केला. वडीलधाऱ्यांनी थांबविले, तेव्हा ते थांबले. पण तो काळ त्यांनी फुकट दवडिला नाही. महाराष्ट्रभर दौरा करून गावोगाव देवळे व विहिरी खुल्या करविण्याचा प्रचार केला, आणि मग १ मे १९४७ रोजी उपोषणास बसले. गांधीजींची त्यास संमती नव्हती. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, मंदिर खुले करण्याचे ठरून उपोषण सुटले. आमच्या मंडळ्यांतील किती तरी घरांचे पूर्वज अशाच दारांवरून माघारी फिरले होते. म्हणून ही तारीख आमच्याही वहीत असावी.

येथवर पाहता गुरुजींनी ज्या कामास दिवसांची मर्यादा घातली ते प्रत्येक काम पुरे झालेले दिसते. पण त्यांच्या मनात अशीही कामे होती ज्यांस मर्यादाच नव्हती. आपले मन सर्वथा निर्मळ व्हावे, देशातील द्वेष नाहीसा व्हावा, हे कोणत्या रविवारी पुरे होणार? गांधीजींचा वध झाल्यावर त्यांनी २१ दिवस उपवास केला. दुसऱ्याचे पाप त्यांनी आपल्या खात्यावर लिहून घेतले, आणि स्वतःच्या हिशेबात जमेच्या बाजूस कधी काही मांडिले नाही. ह्यात थोरवी आहे, तसाच धोकाही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याने स्वतःस कधी क्षमा केली नाही, त्यास इतरांनी शेजारी बसून ती बोलून दाखवावयास हवी होती. आमच्या मंडळ्यांतही असे मुके, कष्टाळू, स्वतःवर रुष्ट असलेले जीव असतात, आणि आम्ही त्यांचे काम तेवढे घेतो.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. १९४९ च्या पुणे साहित्यसंमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्या, हा त्रिचनापल्लीच्या कोठडीतला जुनाच मनोरथ होता. तो त्यांच्या हयातीत सिद्धीस गेला नाही. ११ जून १९५० रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, खिन्न मनाने त्यांनी आपली जीवनयात्रा आपणच संपविली.

‘साधना’ मात्र पुण्याहून आजही निघते. अमळनेरच्या त्या शाळेत गुरुजींनी जेमतेम सहा वर्षे शिकविले.