म्हाइंभटांचे गंगातीरीचे अटन

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी बेलापुराहून उत्तरापंथे गमन केले, तो काळ इ. स. १२७२ चा की १२७४ चा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. परंतु त्या दिवसापासून भक्तमंडळींवर असन्निधानाचे जे दुःख कोसळले, त्याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. सन्निधानात असताना श्रीमूर्तीचे दर्शन, श्रीमुखीचे निरूपण आणि सेवा हेच सर्वस्व होते. असन्निधानात उरले ते स्मरण. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण हेच ज्या मार्गात जीवाचे अन्न, त्या मार्गात स्मरणाचा ठेवा क्षीण होणे म्हणजे काय, हे साधकाला वेगळे सांगावयास नको. ज्यांनी स्वामींना डोळ्यांनी पाहिले होते ती माणसे वृद्ध होत चालली होती. एक म्हातारी गेली की तिच्याबरोबर दहा लीळाही जात. हा नाश ज्याने पायी चालून थोपविला, तो पुरुष मूळचा वादविवादाचा शोकी पंडित होता, ही गोष्ट मोठी विलक्षण आहे.

म्हाइंभट हे गोदावरीकाठच्या सराळ्याचे. आपल्या ग्रंथांत गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि तिच्या दोन्ही तीरांचा प्रदेश तो गंगातीर. घरी संपन्नता, अंगी शास्त्राध्ययन आणि सभा जिंकण्याची हौस, असा त्यांचा पूर्ववृत्तान्त परंपरेने जपून ठेवला आहे. भर दिवसा दिवटी पाजळून चालावे आणि प्रतिवाद्यास आव्हान द्यावे, इथवर त्यांचा अभिमान गेला होता, असे सांगतात. ज्याला सूर्याच्या प्रकाशातही आपल्या दिवटीची गरज भासते, त्याचा अहंकार किती दृढ असेल, याची कल्पना करता येते. अशा आवेशातच ते डोमेग्रामी स्वामींच्या भेटीस आले. डोमेग्राम म्हणजे आजच्या श्रीरामपूर तालुक्यातील कमालपूर. सराळे आणि डोमेग्राम ही एकाच नदीकाठची गावे. स्वामींशी बोलणे होताच त्यांचा पक्ष टिकला नाही. तेथे ते हरले, हे खरे. परंतु त्यांनी तत्काळ सर्वसंगपरित्याग केला असे मात्र नव्हे. ज्ञान पटले तरी घराचा पाश लगेच तुटत नाही, ही अवस्था अनेकांच्या परिचयाची आहे. स्वामींच्या गमनानंतर ते ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी गेले आणि तेथे सेवेत राहिले, तेव्हाच त्यांच्या जीवनाचा दुसरा भाग सुरू झाला.

सराळ्याकडून ऋद्धिपुराकडे जाणारी वाट आजही नकाशावर पाहावी. पैठणापासून ऋद्धिपूर सरळ रेषेतच तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. प्रत्यक्ष पायवाट याहून कितीतरी लांब. भिक्षेचा आणि विसाव्याचा वेळ धरला तर पायी चालणाऱ्यास तीन आठवडे तरी लागावेत. गंगातीरीची सपाट काळी जमीन ओलांडली की दुधना लागते, पुढे गंगेलाच मिळणारी पूर्णा, मग मेहकराकडील पठार व पैनगंगेचा वरचा प्रवाह, आणि तेथून उतरल्यावर वऱ्हाडातील दुसरी पूर्णा, जी तापीला मिळते. नद्यांमधला सारा भाग शेतीचा. पावसाळ्यात ही काळी पायाला अशी धरते की चार पावलांगणिक थांबून चिखल खरवडावा लागतो. पावसाळा सरल्यावर हीच भूमी भेगाळून कठीण होते आणि पाणंदीतून चालणे सुखाचे होते. तेव्हा रब्बीचा जोंधळा, हरभरा, करडई, जवस यांनी शिवार भरलेले असते. पौष-माघात हुरड्याच्या आगट्या पेटतात, त्यानंतर सुगी लागते आणि खळ्यांवर पाती फिरू लागतात. आजचा प्रवासी श्रीरामपूर भागात उसाचेच मळे पाहतो. ते दृश्य १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या आणि प्रवरेच्या कालव्यांच्या नंतरचे आहे. म्हाइंभटांच्या काळी विहिरीवरच्या मोटेने जेवढे भिजेल तेवढेच बागायत, बाकी सारे आकाशावर.

ऋद्धिपुरी वाजेश्वरीच्या स्थानी भटोबास एकान्तात बसून स्वामींच्या लीळा आठवीत असत. ते काय करतात, असे म्हाइंभटांनी विचारले, आणि लीळांचे स्मरण करतो, असे उत्तर त्यांना मिळाले. ह्या लीळा पुढे येणाऱ्यांना कशा मिळतील, त्या लिहून का ठेवू नयेत, असा प्रश्न म्हाइंभटांनी मांडला. भटोबासांनी अनुज्ञा दिली आणि आपणास ठाऊक असलेल्या लीळा ते सांगू लागले. हा काळ १२७८ च्या सुमारास मानतात. येथे भटोबासांची एक वृत्ती विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या प्रसंगी आपण स्वतः सन्निधानी नव्हतो, त्या प्रसंगाचे सांगणे त्यांनी आपल्याकडे घेतले नाही. जो त्या वेळी तेथे होता त्याच्याकडे जा आणि त्याच्याकडून ऐका, असा त्यांचा दंडक होता. आचार्यपदी असलेल्या पुरुषाने आपल्या अनुपस्थितीची कबुली देऊन शिष्याला दुसऱ्याच्या दारी पाठवावे, यात आपल्या शास्त्राची प्रामाण्याविषयीची सारी कठोरता आली.

म्हाइंभटांचे चालणे याच दंडकातून निघाले. महदाइसा, साधे, नाथोबा अशी जी मंडळी स्वामींच्या परिवारात वावरली होती, त्यांना विचारावे, जे मिळेल ते घेऊन भटोबासांपुढे ठेवावे, पुन्हा निघावे. महदाइसा प्रश्न विचारण्यात धीट. स्वामींच्या एकाकी परिभ्रमणातील कित्येक गोष्टी भक्तांनी विचारल्या म्हणून स्वामींनी सांगितल्या, आणि म्हणूनच त्या पुढे एकांकात येऊ शकल्या. परंतु जे प्रसंग गावाच्या बाहेर, देवळाच्या पडवीत, नदीच्या वाळवंटात, पारध्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली दडला तशा रानात घडले, त्यांचे साक्षी कोणी पंडित नव्हते. तेथे स्त्रिया होत्या, गुरव होते, कुणबी होते. ज्याने आयुष्यभर सभेत दुसऱ्याचे बोलणे खोडून काढले, त्याला आता दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत गप्प बसावयाचे होते. शेतकऱ्याला दिवसा सवड नसते. मोट चालू असता, मळणी चालू असता तो कोणाला आठवणी सांगत बसत नाही. त्याच्याकडून काही मिळवायचे तर त्याच्या वेळाप्रमाणेच थांबले पाहिजे. म्हाइंभटांच्या विद्वत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या थांबण्याविषयी कमी लिहिले गेले, आणि तेच अधिक कठीण होते.

आता एक शंका येथे विचारात घेतली पाहिजे. आचारधर्मात अटनाचे जे स्वरूप सांगितले आहे, त्यात साधकाने ओळखीचे गाव धरू नये, आपल्या देशाचा, आपल्या गावाचा आणि विशेषतः आप्तांचा संबंध टाकावा, असा आदेश आहे. अटन हे कोठे पोहोचण्यासाठी नाही. उलट म्हाइंभटांच्या चालण्याला हेतू होता, ठराविक माणसे होती, आणि सर्वांत मोठी अडचण ही की डोमेग्रामच्या लीळांची भूमी त्यांच्या जन्मग्रामाच्या शेजारचीच होती. ज्या नदीकाठावर त्यांचे घर, त्यांची शेती, त्यांचा मान होता, त्याच नदीकाठच्या स्थानांचा त्यांना शोध घ्यावा लागला. मग हे अटन आचाराला धरून झाले काय?

या शंकेस केवळ गुर्वाज्ञेचे उत्तर देऊन थांबणे पुरेसे वाटत नाही. आज्ञा होती, हे खरेच. पण संबंध टाकावा म्हणजे कशाचा, हे पाहिले पाहिजे. गावाचा संबंध म्हणजे त्या गावातील आपलेपणाचा भोग. तेथील मान, अन्न, आश्रय. सराळ्याचे धनवंत पंडित म्हणून त्या शिवारातून हिंडणे वेगळे आणि झोळी घेऊन, स्वामी येथे कोणत्या अंगास बसले, कोणत्या दाराने गेले, एवढेच विचारीत हिंडणे वेगळे. पूर्वी जेथे लोकांनी त्यांना ऐकावे अशी त्यांची अपेक्षा, तेथेच आता ते ऐकणारे झाले. स्वग्रामसंबंधाचा त्याग परदेशी जाऊन साधतो तसा, आणि कदाचित त्याहून दुष्कर रीतीने, ओळखीच्या बांधावर अनोळखी होऊनही साधतो. सामान्य साधकाने मात्र या उदाहरणाचा आधार घेऊन घराकडची वाट धरू नये. म्हाइंभटांच्या झोळीत जे काम होते ते आपल्या झोळीत नाही.

श्रीगोविंदप्रभूंचे प्रयाण १२८७ च्या सुमारास झाले आणि त्यानंतर त्यांच्याही लीळांचा संग्रह म्हाइंभटांनीच केला. ऋद्धिपूरचरित्र म्हणून जो ग्रंथ आपण वाचतो त्यात वऱ्हाडी बोलीच्या छटा स्पष्ट दिसतात, लीळाचरित्रात त्या तशा नाहीत. एकाच लेखकाच्या हातून ही दोन प्रकारची भाषा उतरली याचे कारण त्याने आपले पांडित्य बाजूस ठेवून जसे कानी आले तसे लिहिले. संस्कृतात लिहिणे त्यांना अशक्य नव्हते. तरी मराठी सोडली नाही, कारण भटोबासांचा कटाक्ष होता की स्वामींच्या परिवारातील म्हाताऱ्यांना जे कळणार नाही ते शास्त्र कोणाच्या उपयोगाचे. पुढे केशोबासांनी सूत्रपाठ आणि दृष्टान्तपाठ सिद्ध केले ते लीळाचरित्रातील स्वामींच्या वचनांवरूनच. आज पारायणात जे सूत्र सहज मुखी येते त्याच्या मागे ते कोठे, कोणाला, कोणत्या प्रसंगी निरूपिले याचा पत्ता आहे, आणि तो पत्ता म्हाइंभटांनी चालून मिळविलेला आहे. प्रसंग सुटला असता तर सूत्राचा अर्थ लावताना भाष्यकारांचे किती हाल झाले असते, हे प्रकरणवशाचा अभ्यास करणारे जाणतात.

हे सारे काम होते न होते तोच देशावर आपत्ती आली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली, १३०७ मध्ये मलिक काफूर आला. या धामधुमीत, जिला आपल्या परंपरेत खालशाची धाड म्हणतात, लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली. ज्या ग्रंथासाठी एका माणसाने गावोगाव पाय झिजविले, तो वाटेतच हरवला. तेव्हा पुन्हा स्मरणाकडेच वळावे लागले. हिराइसेच्या असाधारण पाठांतरातून ग्रंथ परत उभा राहिला, आणि रामेश्वरबास, परशरामबास यांचे पाठ, पिढीपाठ असे भेद पुढे झाले. पोथीत ठिकठिकाणी वासना आणि शोध म्हणून जी भिन्न सांगणी नोंदली आहेत, ती काही वाचकांना अडथळा वाटतात. वस्तुतः दोन साक्षींची आठवण जुळली नाही तेव्हा एकीला खोटे न ठरवता दोन्ही ठेवण्याची ही रीत भटोबासांच्या त्या दंडकाशी सुसंगत अशीच आहे.

म्हाइंभटांच्या मागोमाग चौदाव्या शतकात मुनिव्यासांनीही हीच भूमी तुडविली आणि स्थानपोथी सिद्ध केली. देऊळ कोणत्या दिशेस, दार कोणीकडे, नदी किती जवळ, अशा नोंदी त्यांनी केल्या, आणि त्या आधारे पुढे स्थानांवर ओटे बांधले गेले. पैठणच्या वरच्या अंगास १९७६ मध्ये जायकवाडीचे धरण पूर्ण झाले. त्याच्या सुमारे ३५० चौरस किलोमीटरांच्या जलाशयाखाली गंगातीरीची कितीतरी शिवारे आणि वाटा गेल्या. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुनी काळी जमीन काही आठवडे उघडी पडते, आणि काठचे शेतकरी त्या गाळपेरात काकडी-कलिंगडाचे वेल लावतात.