समुद्राचे पहिले गिऱ्हाईक

१९४२ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये सामान्य माणसाला पेट्रोल मिळत नव्हते. होते नव्हते ते जर्मन लष्कर घेऊन जात असे आणि फ्रेंच माणसाला मोटार काढायचीच असेल तर ती गॅसवर चालवावी लागे. इंजिनाला गॅस हवा तेव्हा आणि हवा तेवढाच मिळावा, म्हणून एमिल गान्यां नावाच्या इंजिनियरने बेकेलाइटची एक छोटी झडप तयार केली होती. इंजिनाने ओढ घेतली की ती उघडे, ओढ थांबली की मिटे. गान्यां 'एर लिकीद' या वायू तयार करणाऱ्या मोठ्या कंपनीत नोकरीला होता. त्याच्यासमोर बत्तीस वर्षांचा एक नौदल अधिकारी येऊन बसला. त्याला पाण्याखाली श्वास घ्यायचा होता आणि त्यासाठी लागणारी वस्तू जगातल्या कोणत्याही दुकानात मिळत नव्हती. गान्यांने ती मोटारीची झडप त्याच्यापुढे ठेवली.

तो अधिकारी म्हणजे झाक-ईव्ह कुस्तो. डोक्याला लाल लोकरी टोपी, धारदार नाक, 'कॅलिप्सो' नावाची पांढरी बोट, हे चित्र माझ्या पिढीतल्या पुष्कळांच्या डोळ्यांसमोर असेल. स्कूबाचा जनक असे त्याला सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. बत्तीस-तेहतीस वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासल्यामुळे असेल, कुणाचेही चरित्र वाचताना स्वतःचे भांडवल किती आणि उसने किती हा हिशेब माझ्या मनात आपोआप सुरू होतो. या हिशेबात कुस्तो मला संशोधक दिसत नाही, तो गिऱ्हाईक दिसतो. चिकित्सक, चिवट आणि माल पारखण्यासाठी स्वतःचा जीव पणाला लावणारे गिऱ्हाईक.

त्याचा जन्म ११ जून १९१० चा, बोर्दोजवळच्या सेंत आंद्रे द क्युब्झाक या गावातला. वडील वकील, पण व्यवसाय श्रीमंत अमेरिकनांचे सचिव म्हणून त्यांच्यामागे गावोगाव फिरण्याचा. मुलगा पोटाच्या दुखण्याने कायम अशक्त. दहा-बारा वर्षांचा असताना काही काळ अमेरिकेत राहिला, तिथे सुट्टीतल्या शिबिरात तळ्याच्या तळाशी बुडी मारून कुजक्या फांद्या काढण्याचे काम त्याला लावले होते. पुढे शाळेच्या सतरा खिडक्या फोडल्याबद्दल त्याला काढून टाकले. १९३० मध्ये ब्रेस्टच्या नौदल अकादमीत गेला. विमान चालवायचे हे ठरलेले होते.

ते ठरलेले १९३६ च्या सुमारास एका रात्री मोडले. वडिलांची मोटार मागून घेऊन तो मित्राच्या लग्नाला निघाला होता. वाटेत दिवे गेले आणि गाडी उलटली. दोन्ही हात जायबंदी झाले. उजवा हात कापावा असे डॉक्टरांचे मत पडले, याने साफ नकार दिला. वैमानिकाचे स्वप्न संपले. तूलाँच्या बंदरात बदली झाली आणि हातांत बळ यावे म्हणून तो समुद्रात पोहू लागला. तिथे फिलिप तायिए या वरिष्ठ सहकाऱ्याने त्याला मोती काढणाऱ्या बुड्यांसारखा, दोन काचांचा एक चष्मा दिला. मॉरिस फर्नेझ नावाच्या माणसाने बनवलेला तो चष्मा लावून कुस्तोने पाण्यात डोके घातले. वर ट्रामगाडी उभी होती, खाली गवताचे रान आणि मासे होते. त्या दिवशी आपले आयुष्य बदलले असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे.

इथे जरा थांबतो, कारण हा मजकूर लिहायला कारण झाली ती माझी नात. तारकर्लीला मित्रमैत्रिणींबरोबर एकदा पाण्याखाली जाऊन आली आणि परत आल्यावर स्कूबाचे सामान घ्यायचे म्हणून दुकानदाराने दिलेली हातभर यादी घेऊन माझ्याकडे आली. आजोबा कर्ज मंजूर करतात ही तिची लहानपणापासूनची समजूत आहे. मी यादी वाचली आणि मला पटकन कुस्तो आठवला. त्याच्याकडेही यादी होती, पण त्यातली एकेक वस्तू मिळायला सात वर्षे लागली. आणि ज्या क्रमाने त्याला ती मिळाली, जवळजवळ त्याच क्रमाने नवशिक्याने आजही घ्यावी असे माझे मत झाले आहे.

पहिला चष्मा. दोन काचांचा चष्मा उथळ पाण्यात ठीक, पण खोल गेल्यावर पाण्याचा दाब त्याला डोळ्यांवर आवळतो आणि आत हवा सोडायला वाट नसते. म्हणून डोळ्यांबरोबर नाकही झाकणारा, एकाच पोकळीचा मुखवटा आला. नाकातून थोडी हवा सोडली की दाब सारखा होतो. आजच्या भाषेत मास्क. तो पारखण्याची रीत साधी आहे. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने किंचित श्वास ओढायचा. हात काढल्यावरही तो चिकटून राहिला तर आपला, गळून पडला तर कितीही महाग असला तरी दुसऱ्याचा. मिशा असतील तर तिथून पाणी आत येते. माझ्या मिशा पाहून नातीने मला या परीक्षेतून वगळले.

मग पायातले पडदे, म्हणजे फिन्स. त्या लुई द कोर्लिय या फ्रेंच नौदलातल्याच माणसाने १९३३ मध्ये पेटंट केल्या होत्या. त्याने पाय माशाच्या शेपटीसारखे झाले आणि हात मोकळे राहिले. मोडलेल्या हातांच्या माणसाला याचे मोल काय वाटले असेल! फिन्स दोन तऱ्हेच्या मिळतात. टाच झाकणाऱ्या थेट अनवाणी पायात जातात, मागे पट्टा असलेल्यांना आत रबरी बूट लागतात. दोन्हींत नियम एकच, पायाला चावता कामा नये.

तिसरी वस्तू तोंडात धरायची वाकडी नळी, स्नॉर्केल. ही सर्वांत स्वस्त आणि तिच्याबद्दलचा गैरसमज सर्वांत मोठा. नळी लांब केली की खोल जाता येईल असे प्रत्येक मुलाला वाटते. येत नाही. हात-दीड हात खाली गेले तरी पाण्याचा दाब छातीला इतका दाबतो की वरची साधी हवा आत ओढून घेण्याची ताकद माणसाच्या फुप्फुसांत उरत नाही. दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट होतो. तिथे श्वास घ्यायचा तर हवाही तितक्याच दाबाची हवी.

कुस्तोची सगळी धडपड या एका वाक्यासाठी होती. ईव्ह ल प्रियर या नौदल अधिकाऱ्याने पाठीवरच्या दाबाच्या हवेचे यंत्र आधीच केले होते, पण त्यात हवा हाताने सोडावी लागे आणि ती भराभर संपे. १९३९ मध्ये कुस्तोने शुद्ध ऑक्सिजनचे यंत्र जहाजावरच्या बंदूक-कारागिराकडून बनवून घेतले. त्यात गॅस-मास्कचा डबा होता आणि मोटारसायकलच्या ट्यूबचा तुकडा होता. सुमारे चौदा मीटरवर त्याला आकडी आली. कसाबसा वर आला. यंत्र सुधारून पुन्हा गेला, पुन्हा आकडी आली. शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली विषासारखा वागतो, हे तो असे स्वतःच्या देहावर शिकला. आज सहा मीटरच्या खाली तो वापरू नये असा नियम आहे.

आणि मग गान्यां. त्याच्यापर्यंत पोचवले ते सासऱ्यांनी. १९३७ मध्ये कुस्तोचे सिमोन मेल्शियोरशी लग्न झाले होते आणि तिचे वडील नौदल सोडून 'एर लिकीद'मध्ये मोठ्या हुद्द्यावर होते. आपल्याकडे याला वशिला म्हणतात. पण वशिल्याने दार उघडते, नदीत उतरावे स्वतःलाच लागते. १९४३ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, कुस्तो पॅरिसबाहेर मार्न नदीत उतरला. आडवे पोहताना यंत्र उत्तम चालले. उभे राहिल्यावर हवा फसफसून वाया जाऊ लागली आणि डोके खाली केल्यावर श्वास मिळेना. परतताना दोघांनी कारण शोधले. उभे असताना हवा बाहेर सोडणारी वाट आत घेणाऱ्या वाटेपेक्षा सहा इंच वर होती, तेवढ्याच दाबाच्या फरकाने घोटाळा होत होता. दोन्ही वाटा शेजारी-शेजारी आणल्या आणि यंत्र बरे झाले. जूनमध्ये बांदोल गावच्या स्टेशनवर लाकडी खोके आले. सिमोन वर नळी लावून पोहत लक्ष ठेवत होती, मित्र फ्रेदेरिक द्युमा मदतीला उडी मारायला किनाऱ्यावर तयार बसला होता. खाली कुस्तो पहिल्यांदा माशासारखा कोणत्याही अंगावर वळून श्वास घेत होता.

जनकत्वाचा प्रश्न इथेच अडतो. मागणीनुसार हवा देणारी झडप फ्रान्समध्येच रुकेरोल आणि दनेरूझ यांनी १८६० च्या दशकात केली होती. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतल्या पाणबुडीची माणसे तीच पाठीवर घेऊन फिरतात. त्या काळी पुरेशा दाबाचे सिलिंडर नव्हते म्हणून ती मागे पडली. आणि १९४३ च्याच जुलैत जॉर्ज कोमेन्ह या तरुणाने स्वतःच्या यंत्रावर मार्सेयजवळ ५३ मीटर खोली गाठली होती. तो १९४४ मध्ये स्ट्रासबुर्गच्या मुक्तीच्या लढाईत मारला गेला. त्याचे नाव आज पाणबुड्यांनासुद्धा ठाऊक नसते. गान्यांचे निदान पेटंटवर आहे. तो १९४७ मध्ये कॅनडात गेला, काम करत राहिला आणि १९८४ मध्ये गाजावाजा न होता वारला.

यादीतल्या महागड्या वस्तूंबद्दल मी नातीला सांगितले ते १९४६ च्या ऑगस्टमधल्या एका प्रसंगावरून. आविन्यों शहराजवळ व्होक्ल्यूझचा प्रसिद्ध झरा आहे. डोंगराच्या पोटातून वर येणाऱ्या त्या पाण्याचा तळ कुणाला माहीत नव्हता. कुस्तो आणि द्युमा एकमेकांना दोरीने बांधून अंधारात उतरले. दोघेही तरबेज, शेकडो बुड्या झालेले. खाली गेल्यावर दोघांची डोकी चालेनात. दोरीने वर काय इशारा द्यायचा हेही सुचेना. द्युमा तर जवळजवळ बेशुद्ध झाला. वरच्या माणसांनी ओढून काढले म्हणून वाचले. खोलीची नशा असेल असे आधी वाटले. मग उरलेली हवा तपासली तेव्हा कळले की सिलिंडर भरणारा नवा कॉम्प्रेसर स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढत होता. सिलिंडरांत कार्बन मोनॉक्साइड भरलेला होता. दोघांची यंत्रे उत्तम, झडप उत्तम, काळीज वाघाचे, आणि मरण आले होते ते हवा भरणाऱ्या ठिकाणाहून. पुढच्याच वर्षी त्यांचा सहकारी मॉरिस फार्ग विक्रमाच्या प्रयत्नात १२० मीटरवर सही करून गेला आणि परत आला नाही. त्या वेळी मात्र हवा शुद्ध होती, खोलीच जास्त होती.

म्हणून सिलिंडर, रेग्युलेटर, हवेचे जॅकेट हे नवशिक्याने भाड्यानेच घ्यावे. ते घेताना शेवटची दुरुस्ती कधी झाली आणि हवा कुठे भरता हे विचारायला लाजू नये. चेहऱ्याला आणि पायाला लागते तेवढे स्वतःचे. नातीची यादी अठरा ओळींवरून तीन ओळींवर आली. दुकानदाराला आनंद झाला नाही.

पुढचा कुस्तो जगाला ठाऊक आहे, म्हणून मी त्यात फार रमत नाही. कॅलिप्सो मूळची सुरुंग काढणारी लष्करी नाव, नंतर माल्टाची फेरीबोट. ती १९५० मध्ये गिनेस घराण्यातल्या एका धनिकाने विकत घेऊन त्याला वर्षाला एक फ्रँक भाड्याने दिली. असे तारण माझ्या कारकिर्दीत कधी समोर आले नाही! ती सजवायला सिमोनचे दागिने विकले गेले. १९५४ मध्ये याच बोटीने आखातात तेल कंपनीसाठी समुद्रतळ तपासून दिला, कारण खर्च भागवायचा होता. लुई माल या तरुणाबरोबर केलेल्या चित्रपटाला १९५६ मध्ये कानचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच चित्रपटात प्रवाळाच्या बेटावर सुरुंग फोडून मेलेले मासे मोजले जातात आणि चिडलेले खलाशी शार्क ठेचतात. आज पाहवत नाही. पण १९६० मध्ये किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याविरुद्ध जो माणूस उभा राहिला आणि पुढे अंटार्क्टिका खाणींपासून वाचवण्यासाठी सह्या गोळा करत फिरला, तोही हाच. पाण्याखाली उतरायची सोय त्याने लाखोंना करून दिली आणि वाईट काय होते आहे ते दिसू लागले, तेही त्या सोयीमुळेच.

घरात तो हिशेब कधी नीट जुळला नाही. थोरला भाऊ पिएर-आंत्वान नाझींना अनुकूल असलेल्या, ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकाचा संपादक होता. त्याला १९४६ मध्ये मृत्युदंड झाला आणि पुढे तो जन्मठेपेवर आला. कुस्तो गणवेष घालून त्याच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. नौदलातल्या माणसाला हे महाग पडणारच होते. धाकटा मुलगा फिलिप १९७९ मध्ये लिस्बनला सागरी विमानाच्या अपघातात गेला. वडिलांना जे उड्डाण मिळाले नाही, तेच मुलाने घेतले होते. सिमोन कॅलिप्सोवर नवऱ्यापेक्षा जास्त दिवस राहिली आणि कॅमेऱ्यापुढे क्वचितच आली. ती १९९० मध्ये गेल्यानंतर जगाला कळले की कुस्तोचा दुसरा संसारही आहे, त्यात दोन मुले आहेत. १९९१ मध्ये त्याने ते लग्न रीतसर केले.

१९९६ च्या जानेवारीत सिंगापूर बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. तिला वर काढले, पण ती पुन्हा सफरीवर निघाली नाही. २५ जून १९९७ ला सत्त्याऐंशीव्या वर्षी कुस्तो पॅरिसमध्ये वारला. सिमोनची रक्षा मोनाकोजवळच्या समुद्रात विसर्जित केली होती. त्याला मात्र जन्मगावी, बोर्दोच्या द्राक्षमळ्यांच्या मुलखात, घराण्याच्या जागेत जमिनीत पुरले आहे.